श्रमदान की वेठ? दोडामार्गातल्या एका व्हाळाकाठून

गेल्या डिसेंबरमधली गोष्ट. आमच्या वाडीखालून वाहणाऱ्या व्हाळावर आम्ही वनराई बंधारा घालत होतो. घाटावरच्या मित्रांसाठी सांगतो, व्हाळ म्हणजे ओढा. सिमेंटची रिकामी पोती जमवायची, त्यांत वाळू-माती भरायची, तोंडे सुतळीने शिवायची आणि प्रवाहात आडवी रचत जायची. बायका-मुले धरून पंचवीसेक जण होतो. वाडीतली ऐंशीच्या घरातली एक आजी काठी टेकत आली, काठावरच्या दगडावर बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "झिलांनू, पोती भरतास ता बरा करतास. पन फोटोत कोण रवतलो आनी चिखलात कोण रवतलो, ता आधी ठरवलास काय?"

आम्ही हसलो. आजी हसली नाही. तिने हा प्रश्न का विचारला, हे आम्हाला चांगले माहीत होते. हा लेख त्या प्रश्नाबद्दल आहे.

आम्ही म्हणजे कोण, ते आधी सांगतो. दोडामार्ग तालुक्यातल्या एका लहान गावाच्या बौद्धवाडीतली आम्ही मुले-मुली. आमच्यातले निम्मे रोज सकाळी हद्द ओलांडून गोव्यात कामाला जातात. कुणी कारखान्यात पॅकिंगला, कुणी हॉटेलात. उरलेले काजूच्या हंगामात बागांमध्ये आणि एरवी मिळेल त्या कामावर. रविवार तेवढा मोकळा, म्हणून व्हाळाचे काम रविवारी. आमची नोंदणीकृत संस्था नाही, पावतीपुस्तक नाही. फावडी, घमेली घरोघरची. बुद्धविहारात बसून ठरवतो आणि कामाला लागतो.

सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. एवढ्या पावसाच्या मुलखात एप्रिलमध्ये पाण्यासाठी हंडे घेऊन फिरावे लागते, हे बाहेरच्या माणसाला खरे वाटत नाही. कारण आमच्या पायाखाली आहे. गावाच्या डोक्यावर जांभ्याचा सडा आहे. जांभा हा सच्छिद्र दगड. पावसाचे पाणी तो स्पंजासारखा पितो आणि हळूहळू खाली सोडतो. खालच्या चिकणमातीच्या थरापाशी ते पाणी अडते आणि उताराला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. त्या झऱ्यांचा मिळून व्हाळ होतो. व्हाळाकाठची झाडे मुळांनी माती धरून ठेवतात, सावलीने पाणी थंड ठेवतात. म्हणजे सडा, काठचे जंगल आणि व्हाळ ही एकच व्यवस्था आहे. सड्यावरचे चिरे कापून नेले की स्पंज गेला. काठची झाडे तोडली की माती पात्रात आली. मग पावसाळ्यात लाल पूर आणि उन्हाळ्यात कोरडे गोटे. गावाच्या सगळ्यात खालच्या टोकाला जी वाडी असते, तिच्या वाट्याला हे दोन्ही येते. आमच्या गावात सगळ्यात खाली कोणती वाडी आहे, हे आंबेडकरी वाचकाला सांगायला नको.

हे एका गावापुरते नाही. या तालुक्यात गेल्या काही वर्षांत केरळहून आलेल्या बागायतदारांनी आणि त्यांचे पाहून इतरांनी डोंगरच्या डोंगर साफ करून रबर आणि अननस लावले. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यातली वृक्षतोड मुंबई उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये बंद केली, तरी तोड थांबली नाही. मार्च २०२४ मध्ये न्यायालयाने याच पट्ट्यातली २५ गावे पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर करण्याची प्रक्रिया पूर्ण करा, असे केंद्र सरकारला सांगितले. कळणे गावाने खाणीला विरोध केला, लाठ्या खाल्ल्या, खाण तरीही सुरू झाली. जुलै २०२१ मध्ये त्या खाणीचा बांध फुटला आणि लाल गाळाचे पाणी लोकांच्या शेतांत आणि घरांत शिरले. तिलारीच्या धरणाखाली आयनोडे, सरगवे, शिरंगे, पाट्ये ही गावे गेली. त्या पाण्याचा मोठा वाटा करारानुसार गोव्याला जातो आणि विस्थापितांचे प्रश्न अजून मोर्चांतून ऐकू येतात. आमच्याकडे पाणी, जंगल आणि दगड सगळे आहे. त्यांचे काय करायचे हे ठरवायला मात्र आम्ही कुठेच नसतो.

चळवळीतल्या काही मित्रांनी आम्हाला सरळ विचारले, "शिष्यवृत्ती अडकल्या आहेत, अनुशेष भरला जात नाही, रोज कुठे ना कुठे अत्याचार होतो, आणि तुम्ही झाडे लावत बसलात? पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे." हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही, कारण शहरातून येणारे पर्यावरणप्रेमी पाहिले की तो खरा वाटतो. ते हत्ती पाहायला येतात, पक्ष्यांचे फोटो काढतात, देवराईत शिरून भारावतात आणि संध्याकाळी परत जातात. गावात पाणवठे किती आहेत आणि कोणत्या पाणवठ्यावर कोण भरते, असे एकानेही अजून विचारलेले नाही.

पण मित्रहो, हा विषय त्यांचा आहे असे आपण का मानायचे? आपल्या चळवळीचा पहिला मोठा लढाच पाण्याचा आहे. २० मार्च १९२७ रोजी महाडला बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ते पाणी पिण्याच्या अधिकारासाठी. संविधानाच्या कलम १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट हे शब्द आहेत. ते तिथे आहेत, कारण आपल्या लोकांना तिथून हाकलले जात होते. अमेरिकेत १९८२ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या वॉरेन काउंटीत, जिथे बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय आणि गरीब होते, तिथेच सरकारने विषारी माती पुरायचे ठरवले. लोक ट्रकांसमोर आडवे पडले आणि पाचशेहून अधिक जणांना अटक झाली. घाण कुणाच्या दारात टाकायची हे तिकडे वर्ण पाहून ठरते, इकडे जात पाहून. वाडी खाली असली की वरचे सगळे खाली येते. त्यामुळे व्हाळ वाचवणे हा आमच्यासाठी शिष्यवृत्तीइतकाच रोजच्या जगण्याचा प्रश्न आहे. आमच्या घरची मुलगी एप्रिलमध्ये दोन तास पाण्यासाठी जाते, तेव्हा ते दोन तास तिच्या अभ्यासातूनच जातात.

आता आजीच्या प्रश्नाकडे येतो.

तीन वर्षांपूर्वी गावात स्वच्छतेची तपासणी करायला वरून पथक येणार होते. निरोप आला, की देवस्थानच्या तळीतला गाळ काढायचा आहे, श्रमदान आहे, वाडीतल्या सगळ्यांनी यावे. आम्हाला आनंद झाला. गावाने बोलावले, गावाचे काम आहे, जायला पाहिजे. गेलो. दिवसभर गुडघाभर चिखलात उभे राहून गाळ उपसला. वाडीतले आमचे एक काका त्या दिवशी तळीत उतरले तेव्हा काही क्षण थांबले. ते लहान असताना त्यांच्या वडिलांना या तळीच्या पायरीवर पाय ठेवता येत नव्हता. लांब उभे राहायचे आणि कुणी पाणी घालेल याची वाट बघायची. तळीतले पाणी तेव्हा त्यांना बंद होते. आता तळीतला गाळ त्यांच्यासाठी उघडा झाला होता.

पथक आले त्या दिवशी फित कापली, नारळ फुटला, भाषणे झाली. फलक लागला. गाळ उपसणाऱ्यांपैकी एकाचेही नाव फलकावर नव्हते आणि व्यासपीठावर वाडीतले कुणी नव्हते. चहा मात्र आम्हाला मिळाला, कागदी कपातून. इतरांनाही कागदी कपातून मिळाला, म्हणून त्याबद्दल आम्ही काही बोलत नाही. दुसऱ्या वर्षी तोच निरोप पुन्हा आला. यावेळी आम्ही गेलो नाही.

त्यावर गावात चर्चा झाली. 'ही पोरे आता शहाणी झाली', 'गावाच्या कामात राजकारण आणतात', 'आरक्षण पाहिजे, श्रमदान नको'. काजूच्या दोन बागांतले आमच्या बायकांचे काम त्या हंगामात सुटले. कुणी कारण सांगितले नाही. कारण विचारायचीही सोय नव्हती.

तेव्हा विहारात बसून आम्ही आमच्याच मनाला विचारले, की आम्हाला नेमके काय खुपले? गाळ काढणे खुपले नव्हते. कष्टाची आम्हाला लाज नाही. नाव नसणेही फारसे खुपले नव्हते. आमच्यातल्या एका मुलीने ते बरोबर शब्दांत पकडले. ती म्हणाली, "आपल्याला काम काय आहे ते सांगितलं. काम करायचं का, कधी करायचं, आधी कुठलं करायचं, हे कुणी विचारलंच नाही."

म्हणजे ही वेठ होती. श्रमदान हा नवा शब्द होता.

वतनाचा इतिहास ज्याने वाचला आहे त्याला हे लगेच कळेल. महार वतन म्हणजे गावाचे आणि सरकारचे कोणतेही काम, दिवसा-रात्री केव्हाही. बोलावलेला माणूस घरी नसेल तर घरातल्या दुसऱ्याने जायचे. मोबदला म्हणजे तुटपुंजी जमीन आणि दारोदार मागून आणलेले बलुते. १९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कायदे मंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या गुलामीतून माणूस मोकळा करण्यासाठी. आपल्याच समाजातल्या अनेकांना तेव्हा वतन सोडवत नव्हते, कारण गावात तोच एक मान वाटायचा. हलकी वतने पुढे १९५८ च्या कायद्याने गेली. आमच्या कोकणात गावऱ्हाटी आहे. देवस्थानाच्या कामात कुणाचा मान कोणता आणि कुणी कुठे उभे राहायचे हे त्यात पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. आमच्या आजोबांनी धम्म स्वीकारला आणि ती ठरलेली जागा सोडली. मान सोडला तशी वेठही सोडली. आता तीच वेठ स्वच्छता, पर्यावरण, ग्रामविकास अशी नावे घेऊन परत येत असेल, तर तिला ओळखायला शिकले पाहिजे.

ओळखण्याची खूण सोपी आहे. निर्णयाच्या वेळी बोलावले आणि कामाच्या वेळीही बोलावले, तर ते श्रमदान. फक्त कामाच्या वेळी बोलावले, तर ती वेठ.

इथे थांबलो असतो तर आमचा स्वाभिमान टिकला असता, पण व्हाळ आटलाच असता. आम्ही गेलो नाही म्हणून गावाचे काही अडले नाही. म्हणून आम्ही ठरवले, की गावाने बोलावण्याची वाट पाहायची नाही आणि नुसता बहिष्कारही घालायचा नाही. काम आम्ही निवडू आणि निर्णयाची जागाही मागू. काम निवडले व्हाळाचे. पाणी आमचेही आहे आणि खालच्या शेतमळ्यांचेही. पात्रातले प्लास्टिक आणि बाटल्या काढल्या, काठावर करंज, जांभूळ, सातवीण लावली, आणि पावसाळा सरल्यावर बंधारा घातला.

निर्णयाची जागा कुठे असते, हे शोधायला वेळ लागला. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी. २०२४ पर्यंत लागू असलेल्या २००४ च्या नियमांनुसार पंचायतीने या समितीवर जे सहापर्यंत सदस्य नेमायचे, त्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान १८ टक्के अनुसूचित जाती-जमातींचे असावे लागत होते. सहा जणांत १८ टक्के म्हणजे साधारण एक माणूस. एवढी छोटी जागा. राष्ट्रीय हरित लवादाने मुदत घातल्यावर २०२० च्या सुमारास अनेक ठिकाणी घाईघाईने समित्या झाल्या आणि लोकजैवविविधता नोंदवह्या भरल्या गेल्या. आमच्या गावातही समिती होती. आम्हाला ती असल्याचे माहितीचा अधिकार वापरल्यावर कळले. वाडीतल्या एका बाईचे नाव तिच्यात सदस्य म्हणून होते. त्या बाईंनाही ते आमच्याकडूनच कळले. नोंदवहीत देवराईची झाडे होती, देवस्थानची तळी होती. आमचा व्हाळ नव्हता. वाडीच्या कडेची, जिथून आमच्या म्हाताऱ्या औषधी पाला आणतात, ती झाडीही नव्हती.

कागदावर नसलेले पाणी कुणी बुजवले तर तक्रार कशाची करणार? महाडचा धडा इथे आम्हाला नव्याने कळला. आपण २० मार्च लक्षात ठेवतो आणि पुढची दहा वर्षे विसरतो. सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेने तळे खुले केल्याचा ठराव १९२४ चा. तरी तळे बंदच होते. सत्याग्रह झाला, सवर्णांनी तळ्याचे शुद्धीकरण केले आणि वर दावा लावला, की हे तळे सार्वजनिक नाहीच. तो खटला मार्च १९३७ मध्ये उच्च न्यायालयात आपल्या बाजूने संपला. तळे कुणाच्या मालकीचे आणि वहिवाट कुणाची, यावर तिथे कीस पडला. बाबासाहेब तळ्याच्या पाण्यापर्यंत चालत गेले आणि पुढे तितक्याच चिकाटीने कागदापर्यंतही गेले. ओंजळ आणि नोंद, दोन्ही लागतात.

म्हणून पुढचे चार महिने आम्ही रविवारी सकाळी व्हाळात आणि संध्याकाळी वहीत काम केले. उगमापासून शेतमळ्यापर्यंत चालत गेलो. झरे किती, कोणत्या महिन्यात कोणता आटतो, कोंडीत मासे कोणते, झाडे कोणती, हे वाडीतल्या म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढले. पोती भरणे बघत बसणाऱ्या त्या आजीला सदतीस वनस्पती नावानिशी आणि उपयोगासकट येतात. शाळेची पायरी ती कधी चढली नाही. आमच्याच तालुक्यात हेवाळे-बांबर्डे येथे जंगली जायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदलीतली देवराई आहे. बारमाही पाण्यात मुळे वर काढून उभी असलेली ही झाडे महाराष्ट्रात फार दुर्मीळ, आणि राज्य सरकारने त्या राईला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला. लोकांनी राई राखली म्हणून ती राहिली, हे मान्य केलेच पाहिजे. आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेले लोक. देव कोपेल म्हणून झाड राखा, असे आम्ही सांगणार नाही. झाड गेले तर पाणी जाईल म्हणून राखा, असे सांगू. संविधानाच्या मूलभूत कर्तव्यांत वने, सरोवरे, नद्या यांचे रक्षण आणि वैज्ञानिक दृष्टिकोन ही कर्तव्ये एकापाठोपाठ एक येतात. ती दोन्ही एकत्र पाळता येतात.

मग २ ऑक्टोबरची ग्रामसभा आली. विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा विषय होता, सड्यावरच्या एका जमिनीत चिरेखाणीसाठी ना हरकत दाखला. ती जमीन बरोबर आमच्या व्हाळाच्या उगमावर आहे.

कसोटी आमचीच होती. वाडीतल्या चार घरांची चूल चिरेखाणीच्या मजुरीवर पेटते. गावातली खाण म्हणजे त्यांना जवळचे काम, गोव्याला जाण्याचा खर्च नाही. आदल्या रात्री विहारात मोठा वाद झाला. एक भाऊ म्हणाला, "तुम्ही गोव्याला जाऊन पगार घेता आणि आम्हाला मजुरी सोडायला सांगता. तुमचं पर्यावरण माझ्या पोटावर का?" या प्रश्नाला आमच्याकडे पूर्ण उत्तर नव्हते, आजही नाही. रबरासाठी डोंगर साफ झाले तेव्हा कोयते आणि करवती चालवणाऱ्या हातांत आमचेही हात होते. मजुरी ज्याच्या हातात, जंगलही त्याच्या हातात. भूमिहीन माणसाला जंगल वाचव म्हणून उपदेश करणे सोपे असते.

त्या रात्री कुणीतरी रोहिणी नदीची आठवण काढली. बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण म्हातारा, रोगी आणि प्रेत हे नाही. कारण आहे शाक्य आणि कोलीय यांच्यातले रोहिणीच्या पाण्याचे भांडण. शाक्यांच्या संघाने युद्धाचा ठराव मांडला तेव्हा सिद्धार्थाने भर सभेत विरोध केला आणि सुचवले, की आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी वाद मिटवावा. बहुमत विरुद्ध गेले. पण पाण्याचा प्रश्न सभेत, समोरासमोर, दोन्ही बाजू बसवून सोडवायचा, ही शिकवण आमच्या परंपरेत अडीच हजार वर्षांपासून आहे. मग आमच्याच वाडीत तसे का करू नये? खाणीवर जाणारे दोन, व्हाळाच्या कामातले दोन आणि पाचवी ती आजी, असे पाच जण बसले. ठरले ते असे: खाणीला सरसकट विरोध करायचा नाही. उगमाच्या जागी खाण नको एवढेच मागायचे, आणि व्हाळाचा गाळ काढण्याची, बंधाऱ्याची, झाडांची कामे रोजगार हमीत घ्यावीत अशी मागणी त्याच सभेत करायची. म्हणजे पाणी राखण्याची मजुरी मिळेल, आणि मजुरीसाठी पाणी मारावे लागणार नाही.

सभेला वाडीतून आम्ही बेचाळीस जण गेलो. ग्रामसभेची गणसंख्या मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी कमी असेल ती. आमच्या गावात अनेक सभा गणसंख्येअभावी तहकूब होतात आणि तहकूब सभेला गणसंख्या लागत नाही, मग पाचदहा जणांत गावाचे भवितव्य ठरते. आम्ही गेलो म्हणून त्या दिवशी सभा भरली. समितीवर जिचे नाव तिच्या नकळत होते ती ताई उभी राहिली. पहिल्यांदाच बोलत होती, कागद हातात थरथरत होता. तिने झऱ्यांची यादी वाचली, कोणता झरा कोणत्या महिन्यापर्यंत टिकतो ते सांगितले. कुणीतरी मागून म्हणाले, "हे तुम्हाला कोणी लिहून दिले?" ती म्हणाली, "मी चाललंय त्या व्हाळातून. तुम्ही चला, दाखवते." खालच्या मळ्यातल्या शेतकऱ्यांनी, जे आमच्या समाजाचे नाहीत, तिला पाठिंबा दिला. पाणी त्यांच्याही शेताचे होते.

ना हरकतीचा विषय जागेची पाहणी होईपर्यंत पुढे ढकलला गेला. नाकारला गेलेला नाही, हे स्पष्ट सांगतो. तो पुन्हा येईल. व्हाळाची नोंद वहीत घेण्याचा ठराव झाला. रोजगार हमीच्या मागणीचा अर्ज दिला आहे, काम अजून निघालेले नाही. मिळाले ते एवढेच.

एक दोष आमचाही सांगायला हवा, नाहीतर हा लेख दुसऱ्यांना उपदेश करण्यापुरता राहील. पहिल्या रविवारी व्हाळातून जो कचरा निघाला, त्यात थर्माकोलच्या ताटल्यांचा एक ढीग होता. त्या १४ एप्रिलच्या जेवणावळीतल्या होत्या, आमच्याच. ज्या माणसाने पाण्यासाठी सत्याग्रह केला त्याची जयंती आम्ही साजरी केली आणि ताटल्या पाण्यात फेकल्या. तेव्हापासून जयंतीला पत्रावळी असतात आणि जेवण आटोपल्यावर ज्याची ताटली तोच उचलतो. भाषणापेक्षा हे अवघड गेले.

बंधाऱ्याने काय झाले? पूर्वी फेब्रुवारीच्या मध्याला वाडीची बाव तळ गाठायची. यंदा मार्च संपेपर्यंत पाणी होते. सगळे श्रेय बंधाऱ्याचे आहे असा आमचा दावा नाही, एका वर्षावरून तसे म्हणता येत नाही. पावसाळ्याआधी पोती काढून टाकली, नाहीतर तीच प्रवाहात अडकून काठ फोडतात. येत्या हिवाळ्यात पुन्हा घालू.

आपल्या गावात, वस्तीत, शहरात आता पर्यावरणाच्या नावाने खूप कामे निघतील. नदी स्वच्छता, वृक्षारोपण, तलाव पुनरुज्जीवन. तरुणांना हाक येईल. हाक आली की फावडे उचलण्याआधी एवढे विचारा: हे काम करायचे, हे कोणत्या बैठकीत ठरले आणि त्या बैठकीत आपल्यातले कोण होते? या पाण्यावर, या जागेवर आपला हक्क कागदावर कुठे लिहिला आहे? काम संपल्यावर देखभालीचा निर्णय कोण घेणार? आणि आपल्यातल्या ज्याची मजुरी या कामाने जाईल, त्याचे काय? उत्तरे मिळाली तर सगळ्यांच्या पुढे उभे राहून चिखलात उतरा. नाही मिळाली तर घरी बसू नका. आपले काम आपण निवडा, नोंद करा आणि ग्रामसभेत जा. समितीवर आपल्या वाट्याची जागा आहे का, ते बघा. असेल तर ती कुणाच्या नावावर पडून आहे, हे उद्याच जाऊन विचारा.

त्या डिसेंबरच्या दिवशी बंधारा पुरा झाला तेव्हा सगळ्यांनी फोटो काढायचा ठरवला. आजीला मध्ये बसवले. मोबाइल कुणी धरायचा यावर थोडी ओढाताण झाली, कारण धरणारा फोटोत येणार नव्हता. शेवटी खालच्या मळ्यातला एक शेतकरी म्हणाला, "द्या, मी काढतंय. तुमी रवा." आजीने त्याच्याकडे बघून विचारले, "आनी फुडल्या वर्सा पोती भरूक येतलंस मां?" तो हो म्हणाला. पुढच्या वर्षी तो येतो का, ते बघू. आम्ही त्याला बैठकीलाही बोलावणार आहोत.

जय भीम.